हृदयाचीं औषधें आणि मोजमाप

पुण्याच्या नैर्ऋत्येस पांचसहा कोसांवर असलेलें खडकवासला हें गांव या लेखाच्या आरंभीं दोन कारणांनीं आठवतें. तेथें मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकांत बांधलेलें धरण आहे, आणि त्या धरणाच्या परिसरांत पाण्याचें शास्त्र अभ्यासणारी एक जुनी संस्था आहे. १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याची एक लहानशी शाखा म्हणून ती जन्मास आली. आज केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान शाला या नांवानें ती ओळखली जाते. नद्या, बंदरें, धरणें यांच्या लहान प्रतिकृति करून त्यांतून पाणी सोडावयाचें, कोठें दाब किती, वेग किती, कांठ कोठें ढासळतो हें मोजावयाचें, आणि मगच खऱ्या नदीविषयीं मत द्यावयाचें, अशी तेथली रीत. दुसरें कारण म्हणजे धरणाच्या वाटेवर सकाळीं फिरावयास येणारी मंडळी. बहुतेक सेवानिवृत्त, कोणाच्या छातींत शस्त्रक्रियेचा वण, कोणाच्या खिशांत जिभेखालीं ठेवावयाची गोळी. त्यांच्या बोलण्यांत लसूण येते, अर्जुनाची साल येते, दुधी भोपळ्याचा रस येतो, तूप खावें कीं न खावें हा वाद तर रोजचाच. एका बाजूस मोजल्यावांचून कोणी बोलत नाहीं; दुसऱ्या बाजूस मोजण्याची कोणास आठवणहि होत नाहीं.

या विषयावर आपल्या सुशिक्षित समाजांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचें म्हणणें असें कीं, पूर्वजांनीं सर्व कांहीं सांगून ठेविलें आहे. तें पुन्हां तपासणें हा त्यांचा अपमान होय. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, हा सारा आजीबाईचा बटवा. त्याची तपासणी करणें हा वेळेचा अपव्यय होय. एका गोष्टीवर मात्र दोन्ही तटांचा पूर्ण एकोपा आहे, आणि ती गोष्ट म्हणजे तपासणी नको! वस्तुतः गेल्या शंभर वर्षांत लोणावळें, मुंबई आणि पुणें या तीन ठिकाणीं आपल्याच माणसांनीं ही तपासणी केलेली आहे, आणि तिच्यांतून निघालेलें कांहीं जगाच्या वैद्यकांत जाऊन बसलें आहे. आम्ही इतिहासाचे अध्यापक, वैद्यकाचे नव्हे. तेव्हां रोग्याला सल्ला देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु ही हकीकत इतिहासाचीच आहे, आणि ती घरोघरीं ठाऊक नसल्यामुळें होणारें नुकसान केवळ ज्ञानाचें नाहीं. चांगली लागू पडलेली गोळी आपल्या मनानें बंद करून काढ्यावर विसंबणारें एखादें वडील माणूस बहुतेक प्रत्येक कुटुंबांत असतें. आणि तें कुटुंबाला बहुधा उशिरा कळतें.

जुन्या ग्रंथांत हृदयाचा विचार नाहीं असें नव्हे. चरकसंहितेंत हृदय, बस्ति आणि शिर हीं तीन मर्में श्रेष्ठ मानिलीं आहेत आणि हृद्रोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्याच संहितेंत दहा ‘हृद्य’ द्रव्यांची एक यादी आहे. ती उघडून पाहणारास नवल वाटेल, कारण तींत अर्जुन नाहीं. आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशीं आंबट फळें आहेत. हृद्य म्हणजे मनाला आवडणारें, रुचि आणणारें, असाहि त्या शब्दाचा अर्थ असल्यामुळें ही यादी हृदयाच्या रोग्यासाठीं कीं तोंडाची चव गेलेल्यासाठीं, हा प्रश्न उरतोच. अर्जुनाची साल हृद्रोगावर प्रसिद्धीस आली ती नंतरच्या ग्रंथांमुळें. परंपरा म्हणून आपण ज्या एका ठाम वस्तूकडे बोट दाखवितों, ती वस्तूहि अशी शतकाशतकाला बदलत आलेली आहे.

एक साधन मात्र त्या ग्रंथकारांपाशीं नव्हतें, आणि तें त्या काळीं जगांत कोणापाशींच नव्हतें. तें म्हणजे रक्ताचा दाब मोजण्याचें. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या एका पाद्र्यानें घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला कांचेची उभी नळी जोडली, तेव्हां रक्ताचा स्तंभ आठ फुटांहून उंच चढला. हा प्रयोग त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. खडकवासल्याच्या अभियंत्यांना तो आपल्याच शास्त्रांतला वाटेल. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून, रक्ताचा थेंबहि न काढतां दाब मोजण्याची युक्ति इटलींतील रिवा-रॉची यानें १८९६ सालीं काढली, आणि रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ यानें १९०५ सालीं तिला नळीनें नाडीचा आवाज ऐकण्याची जोड दिली. त्यापूर्वीं रक्तदाबाचा विकार कोणाला दिसत नव्हता. दिसत होते ते त्याचे परिणाम. माणूस एकाएकीं पडे, अर्धें अंग लुळें होई, आणि घरचीं माणसें दैवाला बोल लावीत.

हा पट्टा प्रचारांत येऊन फार वर्षें झालीं नव्हतीं, तोंच एका मराठी माणसानें तो आसन घातलेल्या साधकाच्या दंडाला बांधला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढें स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. संस्कृताचा व्यासंग त्यांनीं विद्यार्थिदशेंतच केला. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यांत शरीर कमावलें. माळसरच्या परमहंस माधवदासजींपाशीं योगाचे पाठ घेतले. आणि खानदेशांत अमळनेर येथें शिक्षणाचें काम केलें. अशा माणसानें आश्रम काढावा, शिष्य जमवावे आणि ग्रंथांवर प्रवचनें करावीं, हा आपल्याकडील सरळ मार्ग होता. परंतु त्यांना एका प्रश्नानें पछाडलें होतें. उड्डियान किंवा नौलि करतांना पोटांत नेमकें होतें तरी काय? गुरूंनीं विधि सांगितला होता, फळहि सांगितलें होतें. मधली क्रिया कोणी पाहिली नव्हती. ती पाहण्यासाठीं ते बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या यंत्रापुढें गेले. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें इंग्रजी त्रैमासिक सुरू केलें.

या त्रैमासिकाचे पहिले खंड आजहि वाचण्यासारखे आहेत. त्यांत आसनांचीं चित्रें व शास्त्रोक्त विधि आहेत, त्यांच्या शेजारींच क्ष-किरणांच्या छायाचित्रांचें विवरण आहे आणि सर्वांगासन, मत्स्यासन यांच्या वेळीं घेतलेले रक्तदाबाचे आंकडे आहेत. नौलि करतांना आंतड्यांत जी निर्वातप्राय स्थिति उत्पन्न होते, ती त्यांनीं पाऱ्याच्या नळीनें मोजली आणि तिला आपल्या गुरूचें नांव दिलें: ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुभक्ति आणि पाऱ्याची नळी एकाच शब्दांत अशीं क्वचितच एकत्र आलीं असतील! आजच्या कसोटीनें पाहतां त्या प्रयोगांत उणिवा पुष्कळ आहेत. ज्यांवर प्रयोग केले तीं माणसें थोडीं, बहुधा निरोगी व सरावलेलीं. तुलनेसाठीं दुसरा गट नाहीं. परंतु योगाचा एक अधिकारी पुरुष आपलें शास्त्र स्वतः होऊन यंत्रापुढें ठेवतो, ही गोष्टच त्या काळीं नवी होती. १९२७ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या दौऱ्यांत गांधीजींची प्रकृति एकाएकीं ढासळली आणि रक्तदाब वाढल्याचें आढळलें. त्यानंतरच्या विश्रांतीच्या दिवसांत आसनांविषयीं त्यांचा पत्रव्यवहार झाला तो याच कुवलयानंदांशीं.

लोणावळ्यास हें चाललें असतांना वनस्पतीच्या बाजूनेंहि एक मोठी घटना घडत होती. सर्पगंधा हें लहानसें झुडूप आपल्या सह्याद्रींतहि उगवतें. बिहाराकडे तिच्या मुळीला लोक ‘पागल की दवा’ म्हणत. उन्माद झालेल्या माणसास ती देत, आणि तो शांत होऊन झोपी जाई. १९३१ सालीं कलकत्त्याचे वैद्य गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं इंग्रजींत एक लेख प्रसिद्ध करून सांगितलें कीं, ही मुळी उन्मादाप्रमाणेंच वाढलेल्या रक्तदाबावरहि गुणकारी आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं या मुळींतील क्षारसदृश द्रव्यें वेगळीं काढलीं आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा यांनींहि तिच्यावर प्रयोग केले. १९३४ पासून या मुळीच्या गोळ्या ‘सर्पिना’ या नांवानें बाजारांत मिळूं लागल्या. वैद्य, हकीम आणि डॉक्टर अशा तिघांचेहि हात एकाच मुळीला लागल्याचें हें उदाहरण आपल्याकडे दुर्मिळच म्हटलें पाहिजे. तरीहि बाहेरच्या जगाला याचा पत्ता नव्हता. गुण येतो असें सांगणारे पुष्कळ होते. किती जणांना, किती आणि किती दिवसांत, हें रीतसर मांडलेलें नव्हतें.

तें काम मुंबईंत झालें. डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी गृहस्थ लंडनांत वैद्यकाचें उच्च शिक्षण घेऊन परत आले होते आणि किंग एडवर्ड मेमोरिअल रुग्णालयांत हृद्रोग्यांची चिकित्सा करीत. विलायती पदवीचा मनुष्य गांवठी मुळीकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं, अशीच कोणाची अपेक्षा असती. वकिलांनीं मात्र दहा वर्षांच्या आसपास आपल्या रोग्यांवर तिचा उपयोग केला, नोंदी ठेविल्या, आणि १९४९ सालीं रक्तदाब वाढलेल्या ५० रोग्यांचा वृत्तांत ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या लंडनच्या नियतकालिकांत छापला. (त्याच वर्षीं खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली, त्या समारंभाची वार्ता देशभर झाली, वकिलांच्या लेखाची आपल्याकडे कोणी फारशी घेतल्याचें दिसत नाहीं.) लेखांत कोठेंहि प्राचीनांचा जयजयकार नाहीं. उपचारापूर्वींचा दाब, उपचारानंतरचा दाब, किती रोग्यांना गुण आला, कोणास काय त्रास झाला, एवढेंच आहे. बहुसंख्य रोग्यांचा दाब उतरला होता.

या थोड्याशा पानांनीं जें केलें तें शेंकडों प्रशस्तींनीं झालें नव्हतें. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं लेख वाचला, मुळी मिळविली आणि आपल्या रोग्यांवर वापरून पाहिली. स्वित्झर्लंडांतील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५२ सालीं म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनीं मुळींतील मुख्य कार्यकारी द्रव्य, रेसर्पिन, शुद्ध रूपांत वेगळें केलें. याचें महत्त्व समजून घेतलें पाहिजे. मुळीमुळींत या द्रव्याचें प्रमाण भिन्न असतें. कोठें उगवली, केव्हां उपटली, कशी वाळविली यांवर तें अवलंबून. शुद्ध द्रव्य हातीं आल्यावर प्रत्येक गोळींत नेमकें तितकेंच घालतां येऊं लागलें. वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

पुढचा भाग आपल्याकडील अभिमानी मंडळी बहुधा सांगत नाहींत, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोलाचा आहे. रेसर्पिन जगभर सुरू झाल्यावर कांहीं वर्षांतच असें दिसूं लागलें कीं, मोठ्या मात्रेनें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना विलक्षण खिन्नता येते. उन्मत्ताला शांत करणारी मुळी कोणा शांत माणसाला विषादांत लोटीत होती. शतकानुशतकें वापरांत असलेल्या औषधाचा हा दोष ठळकपणें पुढें आला तो हजारों रोग्यांच्या नोंदी होऊं लागल्यावर. ‘वनस्पतीचें आहे, त्याअर्थीं अपाय नाहीं’ हें वाक्य आपल्या घरांतून रोज ऐकूं येतें. त्याला सर्पगंधेनेंच उत्तर देऊन ठेविलें आहे. मात्रा कमी करण्यांत आली, आणि त्या कमी मात्रेंतच या द्रव्यानें आपली सर्वांत मोठी सेवा केली. दाब वाढलेला असला तरी तो औषधानें उतरविल्यास मनुष्य खरोखर अधिक सुरक्षित होतो काय, याविषयीं त्या काळीं डॉक्टरांतहि एकमत नव्हतें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनीं १४३ पुरुषांचे दोन गट केले. एकास रेसर्पिनसह तीन औषधें दिलीं. दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या, परंतु औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ सालीं निष्कर्ष बाहेर आला. औषधावांचून राहिलेल्या ७० जणांपैकीं २७ जणांवर गंभीर आपत्ति आली. औषध घेणाऱ्या ७३ जणांपैकीं अवघ्या दोघांवर. आज आपल्या घरांतील वडील माणसें रक्तदाबाची जी गोळी घेतात ती बहुधा रेसर्पिनची नसते, पुढें अधिक चांगलीं औषधें निघालीं. परंतु ती गोळी रोज कां घ्यावयाची, याचा पहिला खणखणीत पुरावा ज्या तीन औषधांनीं दिला त्यांतील एक आपल्या रानांतल्या मुळींतून निघालें होतें. काढ्यासाठीं गोळी सोडणाऱ्याला हें कोणीतरी सांगावयास हवें.

आतां पुन्हां लोणावळ्याकडे वळूं. योगी हृदय थांबवूं शकतात, अशी समजूत फार जुनी. १९३५ सालीं तेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषी हृदयाची विद्युत्-स्पंदनें टिपणारें यंत्र घेऊन भारतांत आल्या आणि एका योग्याच्या बाबतींत असें घडल्याचें त्यांना वाटलें. १९५७ सालीं वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेंतून येऊन लोणावळें, दिल्ली, मद्रास असे हिंडले, दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद त्यांचे सहकारी होते. १९६१ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें तें असें: हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांची मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी होते, छातीला नळी लावली तर ठोकाहि ऐकूं येत नाहीं, परंतु यंत्राच्या कागदावर हृदयाची रेघ चालूच असते. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले म्हणजे हृदयाकडे परत येणारें रक्त कमी होतें. हृदय हालतें, पण त्याच्या हातीं पुढें ढकलण्यास रक्तच नसतें. चमत्कार गेला, त्याच्या जागीं शरीराची एक मनोरंजक क्रिया समजली. हा सौदा आम्हांस तरी तोट्याचा वाटत नाहीं.

चमत्कार दूर झाल्यावर साध्या गोष्टीकडे लक्ष गेलें. शवासनापेक्षां साधें आसन नाहीं; उताणें पडावें, अंग सैल सोडावें आणि श्वासाकडे लक्ष द्यावें. मुंबईच्या किंग एडवर्ड रुग्णालयांतील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनीं देशमुख, दळवी आणि कैवल्यधामाचे डॉ. विनेकर यांच्या साह्यानें रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना हें आसन शिकविलें आणि रोज करावयास लाविलें. १९६९ सालीं ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकांत त्यांनीं निष्कर्ष दिले. औषध न घेणारा एक लहान गट होता; त्याचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. ज्यांचा दाब औषधानें आटोक्यांत होता त्यांपैकीं बऱ्याच जणांचें औषध पूर्वीच्या सुमारें एकतृतीयांशावर आणतां आलें. ज्यांचा दाब औषधानेंहि नीट आटोक्यांत येत नव्हता त्यांच्यांत मात्र यश कमी लाभलें. दाते यांनीं औषध कमी केलें तें डॉक्टरच्या देखरेखीखालीं, दाब मोजून. रोग्यानें घरीं ठरवून नव्हे. एवढा बारकावा लोकांच्या तोंडीं जातां जातां गळून पडला आणि उरलें तें ‘शवासनानें रक्तदाब जातो’ एवढेंच.

दाते यांच्या प्रयोगांत न शिकविलेल्या रोग्यांचा गट नव्हता, ही त्यांतील उघड उणीव. ती लंडनमधील डॉ. चंद्रा पटेल यांनीं भरून काढली. १९७५ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेल्या त्यांच्या लेखांत तुलनेचा गट होता, आणि तरीहि शिथिलीकरणाचा फायदा दिसून आला. परंतु दाब उतरणें एक आणि हृदयविकाराचा दुसरा झटका टळणें दुसरें. त्याची परीक्षा फार उशिरा झाली. भारतांतील २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रोग्यांवर हा प्रयोग झाला. अर्ध्यांना बारा आठवडे योगाचें रीतसर शिक्षण, अर्ध्यांना केवळ नेहमींची समजूत. २०२० सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मृत्यु, पुन्हां झटका, पक्षाघात इत्यादि आपत्ति योगाच्या गटांत किंचित् कमी, परंतु तो फरक निव्वळ योगायोगाचाहि असूं शकेल इतका लहान. मात्र आपली प्रकृति सुधारली असें योगाच्या गटांतील रोग्यांना अधिक वाटलें. कुवलयानंदांनीं पट्टा बांधल्यापासून या उत्तरापर्यंत सुमारें पंचाण्णव वर्षें गेलीं. उत्तर कोणाच्याच मनासारखें आलें नाहीं. म्हणूनच त्यावर आमचा अधिक विश्वास बसतो.

सर्वच द्रव्यें परीक्षेंत उतरलीं असेंहि नाहीं. गुग्गुळाचें उदाहरण बोधप्रद आहे. सुश्रुतांतील मेदोरोगाच्या वर्णनावरून काशीच्या विद्यापीठांत जी. व्ही. सत्यवती यांनीं १९६६ सालीं त्यावर प्रबंध लिहिला; सशांवर गुण दिसला, पुढें औषधहि निघालें. २००३ सालीं अमेरिकेंत १०३ माणसांवर काटेकोर परीक्षा झाली, तेव्हां रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजीं थोडें वाढलेलेंच आढळलें. आणि दुधीचा रस? २०१० सालीं दिल्लींत एका वैज्ञानिकाचा कडू दुधीचा रस प्याल्यानें मृत्यु झाला, तेव्हां भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमली. काकडीवर्गांतील फळांत कधीं कधीं एक कडू विष उतरतें. म्हणून रस कडू लागला तर लगेच टाकून द्यावा, असें समितीनें सांगितलें. आपल्या आजीला हें ठाऊक होतें. दुधी किंवा काकडी चिरतांना ती आधीं एक फोड जिभेला लावून पाहत असे. परंपरेंतली हीच गोष्ट नेमकी गळाली, आणि ‘कडू तें औषध’ ही म्हण मागें राहिली!

उरला प्रश्न अन्नाचा, आणि तोच सर्वांत अवघड. मुळीची गोळी करतां येते. जेवणाची करतां येत नाहीं. तुपाच्या वादांत आपल्याकडे ज्याचा पुष्कळदां हवाला दिला जातो तो अभ्यास मुंबईंतच झालेला आहे. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं रेल्वेच्या नोकरांतील हृदयविकाराचे मृत्यु प्रांतवार मांडले आणि १९६७ सालीं दाखविलें कीं, दक्षिणेकडील नोकरांत हें प्रमाण उत्तरेकडील नोकरांच्या सातपट आहे. आणि उत्तरेकडील मंडळी तर दूधतूप कितीतरी अधिक खात. तूपप्रेमी मंडळींनीं या लेखाला डोक्यावर घेतलें नसतें तरच नवल. परंतु दोन प्रांतांत केवळ तुपाचाच फरक नसतो. काम, चालणें, तांदूळ, गहूं, तंबाखू, जेवण्याची रीत, मृत्यूचें कारण कोण आणि कसें लिहितो, इतकीं धाग्यांची गुंतवळ त्यांत असते. एक धागा ओढून सारी गुंतवळ सुटली असें म्हणतां येत नाहीं. उलट बाजूचाहि एक धडा आहे. उत्तर भारतांत फळें, भाज्या व कडधान्यें यांचा आहार देऊन हृदयविकार फार कमी होतो असें सांगणारा एक प्रयोग १९९२ सालीं विलायतेंत छापला गेला, पुष्कळांनीं आधारास घेतला. त्याच नियतकालिकानें २००५ सालीं त्या आंकड्यांच्या खरेपणाविषयींच जाहीर शंका घेतली. मोजमाप करावें हें खरें, परंतु तें मोजणाऱ्याचेंहि मोजमाप कोणीतरी करावें लागतें.

या गुंतवळींतून पुण्यास एक निराळी वाट निघाली. १९८९ सालीं इंग्लंडांतील डेव्हिड बार्कर यांनीं जुन्या सुइणींच्या वह्या शोधून असें दाखविलें कीं, बालपणीं ज्यांचें वजन कमी होतें ते पुरुष पुढें हृदयविकारानें अधिक मरण पावले. रोगाचें मूळ पन्नाशींतील ताटांत नव्हे तर आईच्या पोटांतच असावें, ही कल्पना तेव्हां विचित्र वाटली. पुण्याच्या किंग एडवर्ड मेमोरिअल रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं ती आपल्या मातींत तपासण्याचें ठरविलें. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांत, गर्भारपणाच्या आधींपासून स्त्रियांच्या आहाराच्या, वजनाच्या, रक्ताच्या नोंदी ठेवण्यांत आल्या. मूल जन्मलें कीं त्याचें वजन, उंची, डोक्याचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी हीं सर्व मोजण्यांत आलीं. गांवोगांव हिंडून हें काम करणाऱ्या परिचारिकांचीं व कार्यकर्त्यांचीं नांवें इतिहासांत येत नाहींत. त्यांच्या पावलांवांचून हा इतिहासच नसता.

निष्कर्षानें सर्वांनाच चकित केलें. या खेड्यांतील बाळाचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळाचें ३.५ किलो. आपलें बाळ स्नायूंनीं, पोटाच्या अवयवांनीं बरेंच लहान. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें राखून असलेलें. अशा बाळाला त्यांनीं ‘कृश पण मेदयुक्त’ म्हटलें. २००४ सालीं याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचींच छायाचित्रें ‘लॅन्सेट’मध्यें शेजारीं शेजारीं छापलीं. उंचीच्या मानानें वजन मोजण्याच्या रीतीनें दोघेहि अगदीं बरोबरीचे, आंकडा २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के! आरशांत सडपातळ दिसणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला चाळिशीं-पन्नाशींतच मधुमेह आणि हृदयविकार कां गांठतात, याचें एवढें बोलकें चित्र दुसरें नसेल.

मग त्या मातांनीं खावें तरी काय? आगरकर संशोधन संस्थेंतील डॉ. शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच नोंदी तपासून २००१ सालीं लिहिलें कीं, एकंदर किती खाल्लें यापेक्षां पालेभाज्या, फळें आणि दूध किती वेळां ताटांत आलें याचा बाळाच्या वाढीशीं अधिक स्पष्ट संबंध दिसतो. परदेशांतून कोणतें अद्भुत फळ आणावें लागलें नाहीं. मेथी, चाकवत, राजगिरा यांच्या जुडीनें भागण्यासारखी गोष्ट होती, पण ती जुडी गर्भारशीच्या ताटांत पडत नव्हती. आपल्या घरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें, हें वाचकास सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. तें वनस्पतींत जवळजवळ नसतें. दूध, अंडीं, मांस यांतून मिळतें. शाकाहाराची महती गाणाऱ्या आपल्या समाजाला हा आंकडा रुचणारा नाहीं, आणि म्हणूनच तो सांगितला पाहिजे. उलट, हीं जीवनसत्त्वें प्रौढ हृद्रोग्यांना गोळ्यांच्या रूपांत देऊन पुढील झटके टळतात काय, याच्या मोठ्या परीक्षा २००६ सालीं परदेशांत झाल्या, आणि त्यांत फायदा आढळला नाहीं. आईच्या ताटांत वेळेवर न पडलेली वस्तु मुलाच्या साठींत औषधाच्या दुकानांतून आणून भरपाई होते असें दिसत नाहीं.

त्या सहा गांवांत १९९३ नंतर जन्मलेलीं मुलें पुढें मोठीं झालीं. २०१२ सालीं त्यांतील कांहीं मुलामुलींना बी-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्यें देण्याचा एक प्रयोग सुरू झाला. त्यांची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीवर घ्यावयाची नव्हती. तीं पुढें आईबाप होतील तेव्हां त्यांच्या बाळांवर घ्यावयाची होती. मुलींचीं लग्नें होऊन त्या सासरीं गेल्या, तेव्हां कार्यकर्ते नोंदवह्या घेऊन त्यांच्यामागें त्या त्या गांवीं गेले, आणि ज्यांचें वजन एकदां बाळ म्हणून कांट्यावर झालें होतें, त्यांचीं बाळें त्यांनीं कांट्यावर ठेविलीं.